सत्ताविसावी चिठ्ठी

१९ मे, सोमवार

दहावीचा निकाल लागल्यापासून फोन थांबत नाहीत. लातूर-नांदेडच्या सगळ्या शाळांना एकाच आठवड्यात दाखले छापायचे असतात आणि नेमके त्याच आठवड्यात त्यांचे प्रिंटर रुसतात. मुरुडच्या हायस्कुलात एकतीस वर्षं लिपिक होतो, तेव्हा हा आठवडा मी दाराच्या त्या बाजूने पाहिला. आता शाळांच्या दफ्तराचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत आहे. माझ्या हुद्द्याचं नाव इंग्रजीत लांबलचक आहे. काम म्हणजे हजेरी, रजा, चहापाणी, इन्व्हर्टरची बॅटरी आणि सव्वीस पोरापोरींचे कागद.

दिवाळीत पुण्याच्या मोठ्या कंपनीने आम्हाला विकत घेतलं. तेव्हापासून मेल फार येतात. आजचा मेल असा, की कर्मचाऱ्यांना इथे काम करताना काय आवडतं आणि काय आवडत नाही ते महिनाअखेर कळवा. मागच्या आठवड्यात हेच कॉम्प्युटरवर भरून घेतलं होतं. सव्वीसच्या सव्वीस जणांनी पाचपैकी पाच तारे दिले आणि खाली 'सर्व उत्तम' लिहिलं. आमच्या शाखाप्रमुख मनस्विनी मॅडम, वयाने माझ्या मुलीएवढ्या, हसल्या.

"काका, एवढं उत्तम तर स्वर्गातही नसेल. तुम्ही कागदावर घ्या. नाव नको. तुमच्यापुढं खरं लिहितील."

दुसऱ्या मेलमध्ये जागेचा भाडेकरार, खुर्च्या-टेबलांची मोजदाद आणि कोणाचे नातेवाईक पुण्यात राहतात याची यादी मागितली आहे. खुर्च्या बदलून मिळणार बहुतेक. चौदा खुर्च्यांचे हात तुटलेत, तसं शेऱ्यात स्पष्ट लिहिलं.

जेवताना बायकोला, महादेवीला सांगितलं. ती म्हणाली, "खुर्च्या मोजतेत ते नव्या द्यायला न्हाई."

मी म्हटलं, तुला ऑफिसातलं काय कळतं.

"ऑफिसातलं न्हाई कळत. माणसातलं कळतं."

२१ मे, बुधवार

चिठ्ठ्या तयार केल्या. डावीकडे 'आवडते', उजवीकडे 'आवडत नाही', खाली ठळक अक्षरात 'नाव लिहू नये'. कागद जाड घेतला, पातळ कागदावर माणूस मनापासून लिहीत नाही.

कागद नंबराशिवाय टेबलावरून हलू द्यायचा नाही, हे मला पहिल्या हेडमास्तरांनी शिकवलं. तेव्हा कोपऱ्यात जावक क्रमांक टाकला, एक ते सव्वीस, आणि नोंदवहीत प्रत्येक नंबरासमोर चिठ्ठी कोणाला दिली ते लिहिलं. एखादी परत आली नाही तर कोणाकडे राहिली ते लगेच कळेल. बिस्किटाच्या रिकाम्या डब्याला वरून फट पाडून तो पाण्याच्या माठाशेजारी ठेवला. तिथे दिवसातून सगळ्यांनाच जावं लागतं.

२४ मे, शनिवार

सव्वीसही परत आल्या. दुपारभर वाचत बसलो.

'आवडत नाही'ची बाजू भरभरून आली आहे. पुण्याची मीटिंग रोज एक वाजता, म्हणजे डबा थंड. एसीचं सगळं वारं एकाच रांगेला, बाकीच्यांना उन्हाळा तसाच. 'आपल्याला पुण्याच्या मीटिंगमध्ये नावानं कोणी हाक मारत नाही, लातूर टीम म्हणतात.' 'डेव्हलपर लोक फोनवाल्यांना चहाला बोलावत नाहीत.' डेव्हलपर म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणारे, फोनवाले म्हणजे शाळांच्या अडचणी फोनवर सोडवणारे; त्यांच्यात असं आहे हे मला माहीतच नव्हतं.

सगळ्यात जास्त राग त्या ठरवून दिलेल्या वाक्यांवर आणि सहा मिनिटांवर आहे. पुण्याहून फोनवर काय बोलायचं त्याचा कागद आला आहे आणि त्यातला शब्दही बदलायचा नाही. फोन सहा मिनिटांच्या वर गेला की सगळ्यांच्या पडद्यावर दिसणाऱ्या पुण्याच्या फळ्यावर आपल्या नावापुढे लाल खूण. अकरा नंबरच्या चिठ्ठीत लिहिलंय: 'सहा मिनिटं होत आली की मी फोन ठेवतो आणि स्वतःच्या मोबाइलवरून त्या शाळेच्या लिपिक भाऊसाहेबांना परत लावतो. काम होईपर्यंत बोलतो. हे नियमात बसत नाही हे माहीत आहे.' बेधडक आहे गडी.

'आवडते'च्या बाजूला एक गंमत सापडली. निदान बारा जणांनी फिरवून एकच गोष्ट लिहिली आहे. 'इथं जेवलास का असं कोणीतरी विचारतं.' 'वडील दवाखान्यात होते तेव्हा मी मागायच्या आधी रजा भरलेली होती.' 'माझा वाढदिवस आईनंतर इथंच लक्षात असतो.' मनस्विनी मॅडमचं कौतुक वाटलं. एवढ्या कामात त्या हे सगळं केव्हा करतात कोण जाणे.

२६ मे, सोमवार

आज फार मोठी चूक माझ्या पदरात पडली. पडली कसली, मीच केली होती, आज दिसली.

रेणुका ही आमची नांदेडची डेव्हलपर. रजेचा अर्ज द्यायला आली. टेबलावर चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, शेजारी नोंदवही उघडी. ती अर्ज हातात धरून तशीच उभी राहिली.

"काका, हा कोपऱ्यात नंबर कशाचा हाय?"

"जावक क्रमांक."

"आणि वहीत त्याच नंबरापुढं आमची नावं?"

मी हो म्हणालो. तिने अर्ज ठेवला आणि गेली. ती गेल्यावर मी एक चिठ्ठी आणि वही शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. 'नाव लिहू नये' असं छापून मी सगळ्यांची नावं लिहून ठेवली होती.

चहापर्यंत सगळ्यांना कळलं होतं. आनंदराज आला. बिलोलीचा, फोनवाल्यांमधला सगळ्यात जुना. आवाज शांत होता, त्यामुळेच जास्त लागलं.

"काका, अकरा नंबर कुणाचा हाय ते तुम्हाला कळलंच असंल."

मी वहीत अकरा नंबरापुढचं नाव वाचलंही नव्हतं, पण आता कळलं.

"ते पुण्याला गेलं तर माझी नोकरी जाईल. बहिणीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष हाय. मी तुमच्या भरवशावर लिहिलं."

"मी मुद्दाम नाही केलं रे."

"ते माहीत हाय मला. मुद्दाम केलं असतं तर भांडलो असतो."

२७ मे, मंगळवार

डबा एकट्याने खाल्ला. वही फाडावी असं तीनदा मनात आलं. एकतीस वर्षांत वहीचं पान फाडलं नाही. हात धजला नाही.

२८ मे, बुधवार

पुण्याहून मिहिर यांचा फोन. तिथे ते माणसांचा विभाग बघतात, म्हणजे कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही. बोलायला फार नम्र. चिठ्ठ्यांचे फोटो पाठवा म्हणाले. कोणीतरी त्यांना नंबरांचं सांगितलेलं दिसलं.

"आणि ती नोंदवहीसुद्धा स्कॅन करून पाठवा ना काका. म्हणजे विश्लेषणाला सोपं जाईल."

माझ्या तोंडून निघून गेलं, "वही मिळणार नाही."

"म्हणजे?"

"नाव लिहू नये असं मी लिहून दिलंय. माझ्या सहीनं गेलेला कागद आहे."

ते ठीक आहे म्हणाले. वरिष्ठांना नाही म्हणायची ही नोकरीतली पहिली वेळ, दोन्ही नोकऱ्या धरून.

मनस्विनी मॅडमना जाऊन सगळं सांगितलं आणि राजीनाम्याचा कागद पुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि माझ्याच खिशात परत ठेवला.

"बसा काका. तुम्हाला एक सांगायचंय. पुण्यानं हे ऑफिस बंद करायचं जवळजवळ ठरवलंय. ज्याला जमेल त्यानं पुण्याला यावं, बाकीच्यांनी घरी बसावं. मिहिर नऊ जूनला येतोय ते शेवटचं बघायला. आमच्या फोनवाल्यांच्या नावापुढं लाल खुणा, आणि वरून सगळ्यांचं 'सर्व उत्तम'. ते म्हणतात, या माणसांना इथलं ना काही आवडतं, ना काही खुपतं. मग लातूरला ठेवायचं कशाला?"

मी विचारलं, "आणि खुर्च्या?"

"विकायला मोजल्यात, काका."

महादेवीला अजून सांगितलं नाही.

३० मे, शुक्रवार

चार वाजता चहा आला तेव्हा मी फोनवाल्यांच्या खोलीत गेलो आणि डेव्हलपरांनाही तिकडेच बोलावलं. चिठ्ठ्या आणि नोंदवही टेबलावर ठेवली. लिपिकाला उभं राहून बोलायची सवय नसते.

मी म्हणालो, "ऑफिस बंद होण्याची गोष्ट चालली आहे, ते तुम्हाला मॅडम सांगतील. मला माझं सांगायचंय. मी तुम्हाला नाव लिहू नका म्हणालो आणि मागून तुमची नावं टिपली. सवयीनं केलं, पण केलं. ही वही पुण्याला गेलेली नाही आणि जाणार नाही. जाळायची तर तुम्ही जाळा. माझ्यानं होत नाही."

कपात चहा निवत होता. मग आनंदराज उठला. मला वाटलं काडेपेटी मागणार. त्याने गठ्ठ्यातून अकरा नंबरची चिठ्ठी काढली आणि माझ्या खिशातला पेन घेतला.

"नंबरावरनं हुडकून काढलेला माणूस चोर वाटतो," तो म्हणाला. "सही केलेला न्हाई वाटत."

आणि त्याने खाली पूर्ण नाव लिहिलं. बिलोली तालुक्यातल्या गावासकट.

रेणुका म्हणाली, "आनंदराज, तू गेलास तर आम्हाला प्रिंटरचं कोण सांगणार?" आणि तिने तिची काढली. सही करण्याआधी 'आवडत नाही'मध्ये आणखी एक ओळ वाढवली. "सही करायचीच तर पूर्ण लिहून करते."

त्यानंतर एकच गर्दी झाली. पेन कमी पडले. कोणीतरी मागून म्हणालं, "दहावीच्या हॉलमध्ये पुरवणी मागतात तसं चाललंय." किती दिवसांनी त्या खोलीत सगळे एकदम हसले. चोवीस सह्या झाल्या. दोघांनी केल्या नाहीत. त्यांना मी काही विचारलं नाही; त्यांच्या चिठ्ठ्यांचे कोपरे कात्रीने नीट कापले आणि गठ्ठ्यात मध्ये घातल्या.

वही तशीच आहे. आता तिचं कोणाला भय उरलेलं नाही.

संध्याकाळी सगळ्या चिठ्ठ्यांचे फोटो पुण्याला पाठवले. विषयात लिहिलं: 'स्वाक्षरीसह.'

घरी येऊन महादेवीला सगळं सांगितलं. ती 'मी म्हणलं होतं' म्हणाली नाही. नुसतं जास्तीचं तूप वाढलं.

४ जून, बुधवार

आनंदराजने मोबाइलवरून परत फोन लावणं सोडलं आहे. जे काही ते उघड. पुण्याच्या फळ्यावर त्याच्या नावापुढे आज सतरा लाल खुणा. मी पलीकडे बॅटरीत पाणी घालत होतो, तेव्हा अठरावी होताना ऐकली. बिलोलीकडचे नरसिंग भाऊसाहेब, एका हायस्कुलातले लिपिक; फोन स्पीकरवर होता.

"बोला भाऊसाहेब. जेवण झालं का?"

"जेवण कशाचं बाबा. दारात चाळीस पालक हायत आणि तुमचं मशीन दाखला अर्धा खाली छापून राहिलं. बापाचं नाव जातीच्या रकान्यात."

"कागद कुठला घातलाय? नांदेडचा का देगलूरचा?"

"देगलूरचा. नांदेडचा संपला."

"मग बरोबर. देगलूरच्या प्रेसचा कागद अर्धा इंच लांब असतो. वर 'मार्जिन' लिहिलंय तिथं जावा. सापडलं?"

"चष्मा घेतो, थांब."

चष्मा सापडायलाच दोन मिनिटं गेली. आनंदराज तोवर त्यांच्या नातवाची चौकशी करत होता.

"आता आधी कोऱ्या कागदावर काढा. मग छापील दाखल्यावर धरून बघा."

पलीकडे प्रिंटर घरघरला. मग नरसिंग भाऊसाहेबांचा आवाज मोठा झाला, "बसलं. बापाचं नाव बापाच्या जागी बसलं. आनंदराज, तू तर हेडमास्तर पाहिजे होता."

"मग तुमचा फोन कुणी उचलला असता?"

नऊ मिनिटं आणि काही सेकंद. लाल खूण. चाळीस पोरांचे दाखले.

रेणुका तीन दिवस मान वर न करता काहीतरी करते आहे. विचारलं तर म्हणाली, "काका, फोन किती वेळ चालला ते पुणं मोजतं. एकाच कामासाठी तीच शाळा किती वेळा फोन करते, ते कुणी मोजलंय का? आनंदराजची चिठ्ठी वाचली तेव्हा डोक्यात आलं. मला पाणी तेवढं आणून द्या."

आणून दिलं. डबा उघडलेला नव्हता. मी तो उघडून तिच्या कीबोर्डवर ठेवला, म्हणजे खावाच लागेल.

९ जून, सोमवार

मिहिर आले. वय जेमतेम चाळीस, पाठीवर पिशवी. सह्यांच्या चिठ्ठ्या छापून आणल्या होत्या आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यांनी वाचल्या होत्या. मला ते आवडलं.

सकाळी म्हणाले, मीही फोन घेऊन बघतो. ठरवून दिलेल्या वाक्यांचा कागद समोर ठेवला. फोन निलंग्याकडच्या एका शाळेतल्या वर्षाराणी बाईंचा लागला. आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता.

"नमस्कार, आपले स्वागत आहे. कृपया आपला ग्राहक क्रमांक सांगा."

"कोण बोलून राहिलं? आनंदराज न्हाई का?"

"आपला ग्राहक क्रमांक सांगितल्यास..."

"क्रमांक कशाला पाठ करू मी? शाळा माहीत न्हाई का तुम्हाला? राहू द्या." ठेवला.

मिनिटभरात आनंदराजचा फोन वाजला, त्याने तोही स्पीकरवर घेतला. "आनंदराज, तुमच्याकडं कुणीतरी नवीन पोरगं आलंय. बिचाऱ्याला काहीच माहीत न्हाई. पण रागवू नका त्याला, शिकंल हळूहळू."

खोलीत कोणाला हसू आवरेना. सगळ्यात आधी मिहिरच हसले आणि त्यांनी तो कागद उलटा करून ठेवला.

मग रेणुकाने तिचा हिशेब पडद्यावर दाखवला. पुण्याहून जे फोन घेतले जातात ते सहा मिनिटांच्या आत संपतात, पण तीच शाळा त्याच कामासाठी सरासरी चार वेळा फोन करते. आमच्याकडे फोन नऊ-दहा मिनिटं चालतो आणि बहुतेक शाळांना परत करावाच लागत नाही. मिहिरनी ते पान दोनदा वर-खाली केलं.

"हे आम्हाला आधी का नाही सांगितलं?"

आनंदराज म्हणाला, "तुम्ही कुठं विचारलं, साहेब? तुम्ही तारे मागितले."

एक वाजता पुण्याची मीटिंग होती. मिहिरनी फोन करून ती चारला ढकलली आणि आमच्यात डबा खायला बसले. स्वतःचा डबा नव्हता, तर प्रत्येकाने थोडं-थोडं वाढलं आणि त्यांचं ताट आमच्यापेक्षा मोठं झालं. शेंगदाण्याची चटणी दोनदा मागितली.

जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, बारा चिठ्ठ्यांत लिहिलंय की इथं कोणीतरी जेवलास का विचारतं. कोण ते?"

"मनस्विनी मॅडम असणार," मी म्हणालो. "तुम्ही गाडीत खायला काही घेतलंत का? सोलापूरपर्यंत धड काही मिळत नाही. महादेवीनं दशम्या दिल्यात, घेऊन जा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दशम्या पिशवीत ठेवल्या आणि म्हणाले, "कळलं मला."

काय कळलं ते बोलले नाहीत.

१३ जून, शुक्रवार

उत्तर नाही. मनस्विनी मॅडम दर दहा मिनिटांनी मेल बघतात. नातेवाइकांची यादी अजून माझ्या खणात आहे, पाठवलेली नाही. विसरलो असं सांगेन.

१६ जून, सोमवार

शाळा आज उघडल्या आणि आमचीही उघडीच राहिली.

अकरा वाजता मॅडम खोलीतून बाहेर आल्या. त्यांनी मेल मोठ्याने वाचला. लातूरचं ऑफिस बंद होणार नाही. ठरवून दिलेली वाक्यं रद्द. लाल खुणांचा फळा काढला. त्याऐवजी रेणुकाने लावला तसा हिशेब सगळीकडे. मराठवाड्यातल्या सगळ्या शाळांचे फोन यापुढे लातूरलाच येतील, त्यासाठी आणखी सहा माणसं घ्यायची आणि त्यांना शिकवायचा जिम्मा आनंदराजचा. एक वाजताची मीटिंग कायमची चारला. पुण्यातही काय आवडतं, काय नाही ते कागदावर विचारणार आहेत, आणि ती पद्धत बसवून द्यायला मला दोन दिवस बोलावलंय. शेवटची ओळ मॅडमनी दोनदा वाचली: 'नंबर घालू नयेत, अशी काकांना विनंती.'

कोणी ओरडलं नाही. आनंदराज खाली बसला, हेडफोन काढला आणि घरी फोन लावला. "ताई, अभ्यास कर. दुसरं काही न्हाई. अभ्यास कर." रेणुका रडत होती आणि रडतानाच कोणाला तरी चहाचं सांगत होती. डेव्हलपर आणि फोनवाले एकाच टेबलावर चहा प्यायले. कप अठ्ठावीस लागले, मॅडमचा आणि माझा धरून; मी मोजले.

२० जून, शुक्रवार

चौदा खुर्च्या आल्या. हातांसकट.

महादेवीला सांगितलं. म्हटलं, मी पहिल्या दिवशीच बोललो होतो. ती म्हणाली, "हाव, तुम्हाला सगळं आधीच कळतं," आणि फार वेळ हसत राहिली. कशाला ते कळलं नाही.

दुपारी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी होती. माझीच छापलेली, जाड कागदाची, कोरी. आनंदराज आणि रेणुका समोर उभे.

"काका, सव्वीस जणांना दिली. स्वतःला घेतलीच न्हाई तुम्ही," रेणुका म्हणाली. "भरा."

मी म्हटलं, मी ऑफिसच्या बाजूचा माणूस. आनंदराज म्हणाला, "आता न्हाई."

ते जाईपर्यंत पेन उघडून बसलो. 'आवडत नाही'मध्ये एसीचं वारं लिहिलं, ते अजून एकाच रांगेला येतं. 'आवडते'मध्ये काय लिहावं ते सुचेना. इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. शेवटी लिहिलं: 'इथे रोज यायला आवडते.' खाली सही केली.

हात सवयीने नोंदवहीकडे गेला. सत्तावीस हा आकडा लिहायला पेन टेकवला आणि उचलला. वही मिटली आणि चिठ्ठी तशीच, कोऱ्या कोपऱ्याची, माठाशेजारच्या डब्यात टाकली.

परत येताना आनंदराजला म्हटलं, "एवढं सगळं झालं, पण ते जेवलास का विचारणारं माणूस कोण, ते काही मला कळलं नाही. मॅडम मी नव्हे म्हणतात."

त्याने हेडफोन काढून ठेवला.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही जेवलात का?"

दीड वाजून गेला होता. डबा विसरलोच होतो. म्हटलं, "नाही रे. तू?"

"थांबलोय तुमच्यासाठी."